‘रीसेट’च्या शेजारचा शब्द

रात्री पावणेबाराला फोन आला. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा पुण्यात घरी बसून महाप्याच्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर काम करत होता. सर्व्हर ठणठणीत होता, त्यावरचा डेटाबेस चालू होता, कुणाची तक्रार नव्हती. फक्त त्या सर्व्हरचं रिमोट मॅनेजमेंटचं पान काही केल्या उघडत नव्हतं. पहाटे चारला डिस्क कंट्रोलरचं फर्मवेअर बदलायचं ठरलं होतं आणि सर्व्हर सुरू होताना त्याचा स्क्रीन डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते काम हातात घेण्यात अर्थ नव्हता.

“दादा, बीएमसी हँग झालाय. रीसेट मारू का?”

“मार. पण आधी काय टाइप केलंयस ते वाचून दाखव.”

“आयपीएमआयटूल पॉवर रीसेट.”

एंटर अजून दाबलेलं नव्हतं. दाबलं असतं तर बीएमसी होता तसाच राहिला असता आणि डेटाबेससकट अख्खा सर्व्हर, कुणालाही पूर्वसूचना न देता, जागच्या जागी रीबूट झाला असता. त्याला हवं होतं ते ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’. ‘रीसेट’ हा शब्द दोन्हीकडे आहे. काय रीसेट होणार ते त्याच्या शेजारचा शब्द ठरवतो. हा लेख त्या शेजारच्या शब्दासाठी आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, आणि बहुतेक वेळा ती रात्रीच येते.

मुंबईत बीएमसी म्हटलं की महापालिका. सर्व्हरच्या जगात बीएमसी म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, मदरबोर्डवर बसलेला एक छोटा, स्वतंत्र संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, स्वतःची फ्लॅश चिप, बहुतेक वेळा स्वतःचं लिनक्स आणि स्वतःचा आयपी पत्ता. असंख्य सर्व्हरांमध्ये हा संगणक तैवानच्या अ‍ॅस्पीड कंपनीच्या चिपवर चालतो. त्यातली एएसटी२५०० ही चिप घेतली, तर तिच्यात ८०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आहे. शेजारच्या मुख्य प्रोसेसरपुढे ही ताकद अगदीच थोडी, पण काम मोठं आहे. पंख्यांचा वेग, तापमान, व्होल्टेज यांवर लक्ष ठेवायचं, बिघाडाची नोंद करायची, पॉवर बटण लांबून दाबून द्यायचं, सर्व्हरचा स्क्रीन आणि कीबोर्ड नेटवर्कवरून हाताशी आणून द्यायचा. आणि हे सगळं सर्व्हर बंद असतानाही, कारण बीएमसी स्टँडबाय विजेवर चालतो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये वायर आहे तोवर तो जागा असतो.

प्रत्येक कंपनीने त्याला आपलं नाव दिलं आहे. डेलकडे तो आयड्रॅक, एचपीईकडे आयएलओ, लेनोव्होकडे एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सिस्कोकडे सीआयएमसी. सुपरमायक्रोचे सर्व्हर वापरणारे सरळ ‘आयपीएमआय’ म्हणतात. खरं तर आयपीएमआय ही या सगळ्यांशी बोलायची सामाईक भाषा आहे. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून ती १९९८ मध्ये आणली, आणि आज चालते ती २.० आवृत्ती २००४ ची. वीस वर्षांहून जुनी भाषा, पण हँग झालेल्या बीएमसीला हलवायला अजून तीच सगळ्यात भरवशाची वाटते. ‘आयपीएमआयटूल’ हा ती भाषा बोलणारा कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम.

लिहिण्याबद्दल एक सांगून ठेवतो. इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून आणि शब्दांमध्ये एकेक जागा सोडून टाइप करायच्या. एमसी, एसडीआर, एसईएल यांसारखी अक्षरं मात्र सलग लिहायची. आणि हे सगळं रूटच्या अधिकाराने.

आता, बीएमसी हँग का होतो? कारण तोही संगणकच आहे, आणि फार थोड्या मेमरीत न थांबता चालणारा आहे. सर्व्हरला अधूनमधून अपडेटच्या निमित्ताने रीबूट मिळतो. बीएमसीला तो आपोआप मिळत नाही. मुख्य सर्व्हर दहा वेळा बंद-चालू केला तरी बीएमसी आपला तसाच चालू असतो, कारण त्याची वीज गेलेलीच नसते. अशा दीर्घ काळात त्याच्या फर्मवेअरमधल्या बारीक चुका साचत जातात. मेमरी घेतली आणि परत दिलीच नाही, कुणी रिमोट स्क्रीन उघडून ब्राउझर तसाच बंद केला आणि ते सेशन आत लटकून राहिलं, दोन-तीन मॉनिटरिंग प्रोग्रॅम दर मिनिटाला सगळे सेन्सर वाचायला येतात आणि तो बिचारा त्यांनाच उत्तरं देत बसतो. एक दिवस वेब सर्व्हर निपचित पडतो. पिंगला उत्तर येतं, पण पान कोरं.

म्हणूनच त्या रात्री मी त्या मुलाला रीसेटच्या आधी थोडं मागे नेलं. बीएमसी खरंच हँग झालाय की नुसता दिसत नाहीये, हे पाहायला हवं. बीएमसीपर्यंत जायला दोन दरवाजे असतात. एक बाहेरचा, नेटवर्कवरून, यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवर. दुसरा आतला, सर्व्हरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममधून, मदरबोर्डवरच्या केसीएस नावाच्या छोट्या वाटेने. या आतल्या वाटेला ना आयपी पत्ता लागतो, ना केबल, ना स्विच. बीएमसीचा युजर-पासवर्डही लागत नाही, कारण सर्व्हरवर रूट असणं हाच तिथला परवाना. बाहेरचा दरवाजा बंद असताना आतला उघडा असण्याची शक्यता बरीच असते, आणि कमांड लाइनचं मोल तिथेच कळतं.

तो सर्व्हरवर एसएसएचने आत होताच. आधी ‘होस्टनेम’ पाहायला लावलं. आतल्या दरवाजाने दिलेली कमांड तुम्ही ज्या मशीनवर बसला आहात त्याच्याच बीएमसीला जाते, आणि पाच टर्मिनल उघडी असताना चुकीच्या खिडकीत बसणं फार सोपं असतं. मग ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’. यात काही बदलत नाही, नुसती विचारपूस होते. उत्तर आलं तर फर्मवेअरची आवृत्ती, आयपीएमआय २.०, बनवणाऱ्याचं नाव आणि ‘डिव्हाइस अव्हेलेबल : येस’ अशा ओळी दिसतात. इथेच ‘आयपीएमआय-शून्य नावाची डिव्हाइस फाइल सापडत नाही’ अशा अर्थाची एरर आली तर घाबरायचं नाही. तो बीएमसीचा दोष नसतो. लिनक्समधले ड्रायव्हर लोड झालेले नसतात. ‘मॉडप्रोब आयपीएमआय अंडरस्कोर एसआय’ आणि ‘मॉडप्रोब आयपीएमआय अंडरस्कोर डेव्हइंटीएफ’ एवढं केलं की ती फाइल तयार होते.

त्याच्याकडे उत्तर आलं, पण पंधरा-वीस सेकंदांनी. एरवी ते डोळ्याची पापणी लवायच्या आत येतं. ‘आयपीएमआयटूल एसडीआर लिस्ट’ दिल्यावर निम्म्या सेन्सरांपुढे आकडाच नव्हता. नेटवर्कचा प्रश्न असता तर आतून सगळं झटपट आणि पूर्ण आलं असतं, आणि मग केबल, स्विच, व्हीलॅन यांच्याकडे वळायला हवं होतं. ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. स्विचच्या पोर्टची सेटिंग बदललेली असताना लोक बीएमसीला चार-चार वेळा रीसेट देत बसल्याचं मी पाहिलं आहे. एक शक्यता आणखी असते: बीएमसी ठीक असतो, पण एका वेळी जेवढी सेशन चालतात तेवढी भरलेली असतात. आतून ‘आयपीएमआयटूल सेशन इन्फो ऑल’ दिलं की त्याचा अंदाज येतो. आयड्रॅकवर ‘रॅकएडीएम गेटएसएसएनइन्फो’ने सेशनची यादी येते आणि ‘क्लोजएसएसएन’ने लटकलेलं सेशन बंद करता येतं. तेवढ्याने भागलं तर रीसेटची गरजच उरत नाही.

इथे भागणार नव्हतं. रीसेटच द्यायचा होता. पण त्याआधी दहा मिनिटं द्यावीत, आणि ती वाया जात नाहीत.

पहिलं म्हणजे ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’. शेवटचा १ हा चॅनेलचा क्रमांक. यात बीएमसीचा आयपी पत्ता, मास्क, गेटवे, व्हीलॅन आणि मॅक पत्ता दिसतो. तो सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ठेवायचा. कोल्ड रीसेटने ही सेटिंग जात नाहीत, ती फ्लॅशमध्ये लिहिलेली असतात. तरीही ‘आयपी ॲड्रेस सोर्स’ची ओळ नीट वाचायची. तिथे ‘स्टॅटिक’ असेल तर पत्ता तोच राहील. ‘डीएचसीपी’ असेल तर जागा झाल्यावर बीएमसी नवा पत्ता घेऊन बसू शकतो, आणि तुम्ही जुन्या पत्त्यावर त्याची वाट पाहत राहाल.

दुसरं, ‘आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट’. सिस्टीम इव्हेंट लॉग, म्हणजे बिघाडाच्या नोंदवहीची प्रत. ही नोंदवहीदेखील रीसेटने पुसली जात नाही, पण बीएमसी का अडला याचा माग पुढे काढायचा झाला तर हाताशी प्रत असलेली बरी.

तिसरं जरा खोलात जाऊन सांगायला हवं. काही सर्व्हरवर वॉचडॉग चालू असतो. हा बीएमसीतला एक उलटा मोजणारा टायमर. ऑपरेटिंग सिस्टीमने ठरावीक वेळात ‘मी जिवंत आहे’ असं कळवलं नाही, तर तो सर्व्हर रीबूट करतो. ‘आयपीएमआयटूल एमसी वॉचडॉग गेट’ दिलं की तो चालू आहे का आणि वेळ संपल्यावर काय करणार, हे दिसतं. चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टीममधली त्याला निरोप पाठवणारी सेवा आधी रीतसर थांबवायची, मग ‘वॉचडॉग ऑफ’, आणि बीएमसी परत आल्यावर ती सेवा पुन्हा सुरू करायची. हे शेवटचं विसरलं तर त्या वेळी काही बिघडत नाही, पण पुढे सर्व्हर खरंच अडकला तर त्याला उठवायला कुणी नसतं. क्लस्टरचंही तेच. पेसमेकरसारख्या व्यवस्थेत एक मशीन बिघडलं तर दुसरं मशीन बीएमसीमार्फत त्याची वीज तोडतं आणि मगच डेटाचा ताबा घेतं. बीएमसी रीसेट होत असताना ती वाट बंद असते. नेमकं तेव्हाच ते मशीन पडलं तर क्लस्टर पुढे जायला तयार होत नाही. म्हणून क्लस्टर आधी मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा.

आणि मॉनिटरिंगचे अलर्ट दहा-पंधरा मिनिटं गप्प करायचे, नाहीतर रात्रपाळीतला दुसराच कुणी तरी अलर्ट पाहून त्या सर्व्हरवर आपली कमांड चालवायला येतो.

मग मी त्याला ती ओळ सांगितली: ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’. त्याने टाइप केली, पुन्हा मोठ्याने वाचली, आणि मी ‘दाब’ म्हणाल्यावर एंटर दाबलं. ‘सेंट कोल्ड रीसेट कमांड टू एमसी’, एवढी एकच ओळ आली आणि प्रॉम्प्ट परत आला.

या ओळीतला प्रत्येक शब्द काय करतो ते पाहू. ‘एमसी’ म्हणजे मॅनेजमेंट कंट्रोलर. त्या जागी ‘बीएमसी’ लिहिलं तरी चालतं, आयपीएमआयटूलला दोन्ही एकच. हाच तो शेजारचा शब्द. तो कमांडला सांगतो, की पुढे जे काही होईल ते त्या छोट्या संगणकाचं होईल. त्या जागी ‘चेसिस पॉवर’ किंवा नुसतं ‘पॉवर’ आलं, की पुढचा ‘रीसेट’ मुख्य सर्व्हरवर पडतो. ‘पॉवर’ ही ‘चेसिस पॉवर’ची आखूड वाट आहे. ती रोजच्या वापरात हाताला इतकी सरावलेली असते, की थकलेली बोटं आपोआप तिकडे वळतात. त्या मुलाचं तेच झालं होतं.

‘कोल्ड’ म्हणजे पूर्ण रीसेट. बीएमसी वीज आल्यानंतर जसा उठतो तसा पहिल्यापासून उठतो, स्वतःची तपासणी करतो, सेन्सर पुन्हा वाचायला लागतो. आयपीएमआयच्या भाषेत हा ०६ या गटातला ०२ क्रमांकाचा संदेश आहे. ‘वॉर्म’ हा ०३ क्रमांकाचा, आणि तो सौम्य समजला जातो, म्हणजे चालू सेटिंगला हात न लावता कंट्रोलरला भानावर आणायचं. ऐकायला वॉर्म बरा वाटतो, पण सगळे बीएमसी तो मानत नाहीत, आणि जे मानतात त्यांच्यात अडकलेला वेब सर्व्हर त्याने सुटेलच असं नाही. म्हणून प्रत्यक्षात सगळे कोल्डच देतात आणि मीही तेच सांगेन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. कोल्ड रीसेटने सेन्सरच्या मर्यादा मूळपदावर येऊ शकतात. एखाद्या पंख्याची खालची मर्यादा कुणी ‘सेन्सर थ्रेश’ने हाताने बदलून ठेवली असेल तर ती पुन्हा द्यावी लागेल.

मुख्य सर्व्हरचं काय होतं? काहीच नाही. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची वीज बीएमसी उठो-झोपो तशीच चालू राहते. पण कान मात्र फसवतात. बीएमसी जागेवर नाही म्हटल्यावर पुष्कळ सर्व्हरमध्ये पंखे खबरदारी म्हणून पूर्ण वेगाने सुटतात. रॅकपाशी उभ्या माणसाला वाटतं सर्व्हर रीबूट झाला. डेटा सेंटरमधल्या माणसाला आधी कळवून ठेवलं तर तो घाबरत नाही. एक सावधगिरी मात्र खरी आहे. बीएमसीला स्वतंत्र केबल नसून तो सर्व्हरच्याच नेटवर्क पोर्टमधून वाट काढत असेल, तर काही बोर्डांवर रीसेटच्या वेळी त्या पोर्टची लिंक क्षणभर जाऊन येते. डेटाबेसच्या कनेक्शनला तो क्षण जाणवू शकतो. अशी वाटून घेतलेली केबल असेल तर गर्दीच्या वेळी रीसेट देऊ नये.

आता वाट पाहायची. हा भाग सगळ्यात अवघड जातो. त्याने दुसऱ्या खिडकीत बीएमसीच्या पत्त्याला पिंग लावून ठेवलं होतं. आधी उत्तरं थांबली, ते चांगलं लक्षण होतं, रीसेट लागला होता. साधारण दीड मिनिटाने पिंग परत आलं आणि त्याने लगेच पान उघडायला घेतलं. उघडलं नाही. “दादा, अजून तसंच आहे. परत मारू?” नाही. पिंगला उत्तर देणं हे नेटवर्क उठल्याचं लक्षण. त्यानंतर आयपीएमआयची सेवा उठते, सेन्सरांची यादी भरते, आणि वेब सर्व्हर बहुधा सगळ्यांत शेवटी येतो. बीएमसी कोणता आहे त्यावर हे एका मिनिटात होतं किंवा पाच मिनिटांत. या अर्धवट अवस्थेत दुसरा रीसेट दिला तर घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि बीएमसी फ्लॅशवर काही लिहीत असेल तर ते लिखाण मध्येच तुटण्याचा धोका. पिंग आल्यावरही पाच मिनिटं हात बांधून बसायचं.

त्या पाच मिनिटांत मी त्याला बाकीच्या कंपन्यांचं सांगितलं, कारण आमच्याकडे निरनिराळ्या कंपन्यांचे सर्व्हर आहेत.

आयड्रॅकवर ‘रॅकएडीएम रॅकरीसेट’. आत एसएसएच करूनही चालतं आणि सर्व्हरवर डेलची साधनं बसवलेली असतील तर तिथूनही. त्याच्या अगदी शेजारी ‘रॅकएडीएम रॅकरीसेटसीएफजी’ आहे, आणि शेवटच्या तीन अक्षरांचा फरक फार मोठा आहे. ही दुसरी कमांड आयड्रॅकची सेटिंग पुसून त्याला कारखान्यातून आला तसा करते. आयपी पत्ता गेला, युजर गेले, पासवर्ड मूळचा. टॅब दाबून कमांड पूर्ण करायची सवय असलेल्यांनी इथे दोनदा पाहावं.

आयएलओमध्ये एसएसएचने शिरून ‘रीसेट’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘मॅप१’. मॅप१ म्हणजे आयएलओ स्वतः. त्या जागी ‘सिस्टीम१’ लिहिलं की सर्व्हर रीबूट. पुन्हा तेच, ‘रीसेट’ तोच आणि फक्त शेजारचा शब्द वेगळा.

डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये रेडफिश हे नवं मानक आणलं, आणि आता नव्या सर्व्हरवर कर्लसारख्या प्रोग्रॅमने वेबच्या पद्धतीने बीएमसीशी बोलता येतं. तिथे पत्त्यातच ही फाळणी केलेली आहे. ‘मॅनेजर्स’खाली गेलं तर ‘मॅनेजर डॉट रीसेट’ मिळतं, आणि ते बीएमसीचं. ‘सिस्टीम्स’खाली गेलं तर ‘कॉम्प्युटरसिस्टीम डॉट रीसेट’, आणि ते मुख्य सर्व्हरचं. सोबत ‘ग्रेसफुल रीस्टार्ट’ की ‘फोर्स रीस्टार्ट’ ते पाठवायचं असतं, आणि दोन्हींकडे ते शब्द सारखेच दिसतात. ‘ग्रेसफुल’ पाहून निश्चिंत होऊ नये. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला ग्रेसफुल रीस्टार्टदेखील डेटाबेस बंद करतोच. ओपनबीएमसी, म्हणजे लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली तयार होणारं खुलं फर्मवेअर असेल, तर एसएसएचने आत गेल्यावर तुम्ही थेट त्या छोट्या संगणकाच्या लिनक्समध्ये असता. तिथलं साधं ‘रीबूट’ बीएमसीलाच लागतं. फक्त आपण नक्की बीएमसीच्याच शेलमध्ये आहोत ना, हे प्रॉम्प्ट वाचून ठरवायचं.

आतला दरवाजा बंद असेल, म्हणजे सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम नसेल किंवा तिथे आपल्याला रूट नसेल, तर आयपीएमआयटूल दुसऱ्या मशीनवरून चालवता येतो. त्याला ‘लॅनप्लस’ हा इंटरफेस सांगायचा, बीएमसीचा पत्ता आणि युजर द्यायचा, आणि पुढे तेच ‘एमसी रीसेट कोल्ड’. पासवर्ड ओळीतच लिहायची सोय आहे, पण ती वापरू नये. तो शेलच्या हिस्टरीत उरतो आणि कमांड चालू असताना त्या मशीनवरच्या इतरांना प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. ‘ए’ हे ऑप्शन दिलं की पासवर्ड वेगळा विचारला जातो, तेच बरं. नेटवर्कवरून रीसेट दिल्यावर कधी कधी शेवटी टाइमआउटची एरर येते, कारण निरोप मिळताच बीएमसी उत्तर पुरं व्हायच्या आत झोपी जातो. एररपेक्षा पिंगवर भरवसा ठेवावा.

आणि ज्या नेटवर्कवर हे चालतं ते वेगळं, बंदिस्तच हवं. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनच्या वेळी बीएमसी पासवर्डचा हॅश समोरच्याला देऊन टाकतो, हा दोष २०१३ मध्ये जाहीर झाला. तो मानकाच्या रचनेतच असल्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. ६२३ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटकडे उघडं ठेवणं म्हणजे सर्व्हररूमची किल्ली दाराबाहेर टांगणं.

कमांडने काम झालंच नाही तर? आतून ‘एमसी इन्फो’लाही उत्तर नाही, बाहेरून तर नाहीच. मग पुढची पायरी हाताने. डेलच्या सर्व्हरवर पुढच्या बाजूचं ‘आय’ असं लिहिलेलं ओळख-बटण पंधरा-सोळा सेकंद दाबून धरलं की आयड्रॅक रीसेट होतो. एचपीईच्या अलीकडच्या पिढ्यांत यूआयडीचं बटण पाच ते नऊ सेकंद धरलं तर आयएलओ रीतसर रीबूट होतो, दहा सेकंदांच्या पुढे गेलं तर सक्तीने. दोन्हींत सर्व्हर चालूच राहतो. फोनवरून रॅकपाशी उभ्या माणसाला हे सांगताना ‘निळ्या दिव्याचं बटण’ असं म्हणून पॉवर बटणापासून त्याचा हात लांब ठेवायचा. त्यानेही झालं नाही तर शेवटचा उपाय वीज काढण्याचा. सर्व्हर व्यवस्थित शटडाउन करून दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढायच्या. एकच काढून उपयोग नाही. निदान अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे बोर्डावर साठलेली वीज उतरते आणि बीएमसी खऱ्या अर्थाने बंद होतो.

सुपरमायक्रोचे सर्व्हर असणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे माणसं रात्रभर हैराण होतात. तिथे बीएमसीच्या नेटवर्कची सेटिंग ‘फेलओव्हर’वर असेल, तर बीएमसी उठताना पाहतो की त्याच्या स्वतःच्या पोर्टमध्ये केबल जिवंत आहे का. असेल तर तो तिथे राहतो, नसेल तर सर्व्हरच्या पहिल्या नेटवर्क पोर्टवर जाऊन बसतो. रीसेटच्या त्या क्षणी स्विचने लिंक द्यायला उशीर केला किंवा केबल सैल होती, तर बीएमसी चुकीच्या पोर्टवर जागा होतो. आतून सगळं ठीक दिसतं, पत्ताही तोच, पण बाहेरून कुणीच उत्तर देत नाही. स्वतंत्र केबल टाकलेली असेल तर ते सेटिंग कायमचं ‘डेडिकेटेड’ करून ठेवावं.

आणि दर रविवारी आपोआप रीसेट देणारा क्रॉन लावून मोकळं व्हायचा मोह होतो, तो मला अजिबात पटत नाही. त्याने मूळ दुखणं झाकलं जातं. वरचेवर अडकणाऱ्या बीएमसीचं फर्मवेअर किती जुनं आहे ते पाहावं, सेन्सर वाचणारे प्रोग्रॅम किती आहेत ते मोजावं, आणि त्यांतले दोन तरी बंद करावेत.

एवढ्यात त्याच्याकडे पान उघडलं होतं. लॉगिन झालं, रिमोट स्क्रीनही आला. पण काम तिथे संपत नव्हतं. ‘एमसी इन्फो’ पुन्हा दिलं, उत्तर लगेच आलं, ‘डिव्हाइस अव्हेलेबल : येस’. ‘एमसी सेल्फटेस्ट’ने ‘पास्ड’ म्हटलं. ‘एसडीआर लिस्ट’मध्ये सगळ्या सेन्सरांपुढे आकडे आले. ‘लॅन प्रिंट १’ आधीच्या फाइलशी ताडून पाहिलं, एका अक्षराचाही फरक नव्हता. मग ‘एसईएल टाइम गेट’. इथे फरक निघाला: बीएमसीचं घड्याळ १९७० वर गेलं होतं. पुष्कळ बीएमसींना स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. ते वेळ सर्व्हरकडून किंवा एनटीपीकडून घेतात, आणि तोवर १ जानेवारी १९७० पासून मोजत राहतात. तसंच सोडलं असतं तर पहाटेच्या कामात आलेल्या प्रत्येक एररवर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची तारीख पडली असती. ‘एसईएल टाइम सेट नाऊ’ दिलं, वेळ जुळली. वॉचडॉगची सेवा सुरू केली, अलर्ट पुन्हा चालू केले.

“आता शेवटचं,” मी म्हणालो. “सर्व्हरवर ‘अपटाइम’ दे आणि वाचून दाखव.”

पलीकडे कळांचा आवाज आला.

“९६ दिवस, ४ तास, ११ मिनिटं.”